पाहुण्याचं पाणी

खडकमाळात लग्न असलं की लोकांना वरमाईच्या रुसव्यापेक्षा ज्योतिरामआबा काटकरांची धास्ती जास्त. मंगलाष्टकं चालू असली तरी या गृहस्थाचे कान मांडवामागच्या तोटीकडे. टपटप ऐकू आली की आबा उठलेच. नवरानवरीवर अक्षता पडायच्या आणि इकडे आबा पाहुण्यांचे पाय तुडवत तोटी बंद करायला निघालेले असायचे. लोक हसायचे, पण पाय आत घ्यायचे.

पाण्यावर त्यांचं प्रेम लहानपणापासूनचं. डोळे मिटून एक घोट घेतला तरी पाणी कुठल्या विहिरीचं ते ते सांगत. पुढे नोकरीही तशीच मिळाली, पाटकऱ्याची. कालव्याचं पाणी या शेतातून त्या शेतात वळवून देण्यात उमेदीची वर्षं गेली. निवृत्त झाल्यावर मात्र त्यांनी आपलं गावच हातात घेतलं. माणदेशातला कोरडा माळ तो; ढग वरून जातात ते दुसऱ्यांच्या शिवाराकडे. आबांनी तिथे चर खणून घेतले, गळक्या टाक्यांची भोकं बुजवली, आणि शेवटी घराघरांतल्या नळांवर डोळा बसवला.

डोळा म्हणजे अंगठ्याएवढी झडप. घरात माणसं किती, जनावरं किती, त्यावरून प्रत्येक घराचा रोजचा वाटा ठरलेला. संध्याकाळी जे उरेल ते गावाच्या टाकीत परत. सगळ्यांत जास्त पाणी परत देणाऱ्या घराच्या दारावर निळा दिवा लागायचा. हा दिवा वर्षानुवर्षं काटकरांच्या दारावरून हलला नव्हता.

आबांनी गावाला दोन नियम दिले होते. पहिला अर्ध्या पेल्याचा. पाणी द्यायचं ते अर्धा पेला; ज्याला आणखी हवं त्यानं मागावं. 'मागेल त्याला मिळेल' हे वाक्य शाळेच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात रंगवलेलं होतं. दुसरा नियम पाहुण्याच्या पाण्याचा. ज्याचा पाहुणा, त्याच्याच वाट्यातून त्याचं पाणी. "आपल्या पाहुण्याचा भार गावावर कशाला?" असं आबा म्हणत, आणि ऐकणाऱ्याला ते पटायचं.

आता गंमत अशी, की गावात सर्वांत जास्त पाहुणे काटकरांकडे. अधिकारी येत, कॉलेजची पोरं येत, परराज्यांतून बसगाड्या भरून माणसं येत. आल्यागेल्याला गूळ-पाणी चुकायचं नाही. अंगणात पाखरांसाठी पाण्याचा परळ भरलेला, कुंपणाशी वाटण्यासाठी लावलेली आंब्याची रोपं. आणि तरीही दिवा जागच्या जागी. हे गणित जमतं कसं, असं एकाही पाहुण्यानं विचारलं नाही. आबांनीही कधी विचारलं नाही. स्वयंपाकघर त्यांच्या बायकोचं, वैजयंताबाईंचं होतं आणि त्यांना बोलायची सवय कमी होती.

येत्या उन्हाळ्यापासून खडकमाळची वाटपपद्धत सगळ्या दुष्काळी तालुक्यांना लावायचं सरकारनं ठरवलं. त्यावर टीव्हीवरच्या एका चर्चेत कुणीतरी विचारलं, "एवढ्याशा पाण्यात माणसं तहानलेली राहत नाहीत कशावरून?" आबांचं डोकं सणकलं. ज्याला पाण्याचं काही कळत नाही त्यानं असं बोलावं! त्यांनी स्वतः पुण्याच्या एका प्रयोगशाळेला फोन लावला. पुरावाच पाहिजे ना? या आणि घेऊन जा.

म्हणून डॉ. ऋतुजा इंगोले आली. मूळची वाशीमची, चष्मेवाली, चालताना सारखी कशाला तरी अडखळणारी. तिनं बाडबिस्तरा शाळेच्या खोलीत टाकला आणि चावडीपुढे गावाला गोळा केलं. तिच्या हातात साईसारखी पातळ, बोटभर लांबीची पट्टी होती.

"ही रात्री झोपताना दंडावर लावायची, सकाळी काढायची," ती म्हणाली. "हिच्यातून अंगात अगदी बारीक वीज जाते. मुंगी चावल्याइतकीही जाणवत नाही. आपलं शरीर म्हणजे खारट पाणी भरलेल्या असंख्य पेशी. संथ वीज सोडली तर ती पेशींच्या बाहेरून, फटींतल्या पाण्यातून जाते. भरभर दिशा बदलणारी वीज पेशीच्या आरपार जाते. दोन्हींना वाटेत किती अडथळा होतो ते मोजलं की पेशीत पाणी किती आणि बाहेर किती, हे कळतं. पाणी पुरेसं असेल तर सकाळी पट्टी निळी. कमी असेल तर तपकिरी."

"आन् ताप आला, पळून आलं, तर?" बबन काळेनं विचारलं.

"म्हणून तर रात्री लावायची. झोपेत शरीर शांत असतं. फक्त हृदय थांबत नाही. रक्तही पाणीच, ते ठोक्याठोक्याला हलतं आणि मोजमापात लुडबुड करतं. त्यामुळे पट्टी ठोकेही टिपून ठेवते. नंतर आम्ही ते वजा करतो."

"हृदयाची लुडबुड वजा करायची म्हणजे अवघडच," आबा म्हणाले आणि सगळे हसले. बायका मात्र एकमेकींकडे पाहत होत्या, ते कुणाच्या ध्यानात आलं नाही.

त्या दिवसापासून खडकमाळात सकाळी पट्ट्या पाहायचा कार्यक्रम सुरू झाला. आणि काय सांगावं, गाव निळंशार! पुरुष निळे, म्हातारे निळे, पोरं निळी, बायका तर त्याहून निळ्या. आबा छाती पुढे काढून गावभर फिरले. टीव्हीवाल्या त्या शहाण्याला आता समारंभातच उत्तर द्यायचं, असं त्यांनी सरपंचाला सांगून टाकलं. शाळेच्या मैदानात मांडव पडला.

घरातही बरं चाललं होतं. आबांची कंबर फार दिवसांपासून धरलेली. अलीकडे वैजयंताबाई रोज झोपताना त्यांच्या पाठीला तेल लावून देत आणि पहाटे उठताना हलकेच पाठीवरून हात फिरवून जात. म्हातारपणी बायकोला आपल्याबद्दल हे काय नवीन सुचलं, म्हणून आबा मनातल्या मनात लाजत. बोलून दाखवलं तर थांबेल, म्हणून गप्प राहत.

समारंभाच्या आदल्या दुपारी ऋतुजा त्यांना शोधत टाकीपाशी आली. आबा झडपेला वंगण लावत होते.

"आबा, एक घोळ झालाय. मी ठोके वजा करायला बसले होते."

"मग?"

"तुमच्या पट्टीतली नाडी आणि काकींच्या पट्टीतली नाडी एकच आहे."

आबा मोकळेपणानं हसले. "पोरी, एवढ्या वर्सांचा संसार हाय. नाडी एकच व्हायची न्हाय तर काय!"

ऋतुजा हसली नाही. तिनं फोन पुढे केला. पडद्यावर दोन नागमोडी रेघा होत्या, एकीखाली एक. वरची जिथे अडखळत होती तिथेच खालचीही अडखळत होती.

"तुमचा दर काही ठोक्यांनंतर एक ठोका चुकतो, आबा. वयानं होतं तसं, काळजीचं कारण नाही. पण काकींचाही तिथेच चुकतोय. त्याच क्षणाला. रोज." तिनं पडद्यावर पुढच्या रेघा आणल्या. "बबन काळेंच्या बायकोची नाडी शाळकरी मुलाची आहे. आणखी बऱ्याच घरांत तसंच आहे. एका ठिकाणी तर... मला वाटतं, ती शेळी आहे."

आबांना आधी काहीच कळलं नाही. मग पाठीवरचा तेलाचा हात आठवला. पहाटेचा हात आठवला. त्या हातानं काय लावलं होतं आणि काय काढून नेलं होतं, ते त्यांना समजलं, आणि आपण त्याला प्रेम समजून लाजत होतो हेही समजलं. वंगणाचं फडकं हातातच राहिलं. त्यांना पोरीच्या तोंडाकडे बघवेना.

"आणखी कुणाला बोललीस?"

"नाही. आधी तुम्हाला सांगावं म्हटलं."

घरी वैजयंताबाई परातीत उद्यासाठी गुळाचे खडे फोडत होत्या. आबा चौकटीतच उभे राहिले. एरवी त्यांचा आवाज चार घरं पलीकडे जायचा. आता त्यांनी हळूच विचारलं.

"वैजे, तुझी पट्टी कुठं हाय?"

बत्ता थांबला. बाईंनी पदर दंडावर ओढून घेतला, जणू कुणी परक्यानं हात लावला होता.

"त्या पोरीनं सांगितलं व्हय?" त्या खाली पाहत म्हणाल्या. "मला वाटलंच हुतं. शिकलेली हाय."

"लाव."

"आता दिवसा कशाला?"

"लाव म्हन्तो ना!"

त्यांनी चोळीला लावून ठेवलेली पट्टी काढली आणि दंडावर चिकटवली. दिवसा ती बरोबर चालत नाही, असं ऋतुजा म्हणाली होती. पण रंग बदलायला फार वेळ लागला नाही. पट्टी जळक्या गुळासारखी तपकिरी झाली.

आबा उंबऱ्यावर बसले. "कधीपास्नं?"

"कधीपास्नं म्हंजे? दिवा लागला तवापास्नं."

"पण घराला वाटा हाय की! कमी पडतो असं तू एकदा तरी..."

"वाटा दोघांचा, आवो. आन् पितंय गाव." बाईंचा आवाज चढला नाही. "परवा बस आली. किती मान्सं उतरली, तुमीच मोजली नसतील. एकेकाला अर्धा पेला. त्यातली निम्मी आनकी मागत्यात, शहरातली मान्सं, लाजत न्हाईत. तुमच्या रोपान्ला पाणी, पाखरान्ला पाणी. आंघूळ तुमची अर्धी बादली, ती काय आनकी तोडू? धुनं-भांडं तर व्हायलाच पायजे. मग उरलं काय तोडायला? तुमीच सांगा."

आयुष्यभर आबांनी पाणी कुठून येतं आणि कुठे जातं एवढंच पाहिलं होतं. पाटाला कुठे भोक पडलंय हे मैलभरावरून ओळखणारा माणूस तो, आणि रोज ताट वाढणाऱ्या बाईच्या कोरड्या ओठांकडे त्याचं लक्ष गेलं नव्हतं.

"मागायचं हुतं," ते पुटपुटले. "मागेल त्याला मिळेल, आसं मी भित्तीवर लिवलंय, वैजे."

"म्या कुनाला मागू?" त्यांनी पहिल्यांदा वर पाहिलं. "वाढनारी मीच. पाहुनं मागत्यात ते माझ्यापाशी. गडी मागत्यात ते माझ्यापाशी. म्या कुनापाशी मागायचं?"

नियम लिहिताना आबांच्या डोळ्यांपुढे पेला घेऊन बसलेला माणूस होता. पेला घेऊन उभी असलेली बाई नव्हती. त्यांच्या कानशिलांपर्यंत लाज चढली.

तेवढ्यात ऋतुजा मागोमाग आलीच. तिनं बाईंचा हात हातात घेतला, कातडी चिमटीत धरून सोडली. चिमटी तशीच उभी राहिली.

"काकी, तहान लागते का तुम्हाला?"

"लागायची आदी. आता न्हाई लागत. बरंच झालं की. तरास संपला."

ऋतुजा आबांकडे वळली. "हेच वाईट आहे, आबा. मेंदूत तहानेची एक घंटा असते. रक्त घट्ट झालं की ती वाजते. वर्षानुवर्षं तिच्याकडे दुर्लक्ष केलं, त्यात वय वाढलं, की तिचा आवाज बारीक होत जातो. काकींच्या मूत्रपिंडांची तपासणी करून घ्या. उशीर करू नका."

तपासणी त्याच संध्याकाळी तालुक्याला झाली. दोन्ही मूत्रपिंडं थकली होती. पुरी गेली नव्हती, पण गेलेलं परत येणार नव्हतं. परतीच्या जीपमध्ये वैजयंताबाई एकच गोष्ट पुन्हा पुन्हा म्हणत राहिल्या. "उद्या काई बोलू नका. बायकान्ला पट्ट्या पोरान्ला लावा म्हनून म्याच सांगितलं हुतं. तुमचं नाव जाऊ ने म्हनून. आता सगळ्यांची आब्रू जाईल. माझ्या गळ्याची आन हाय."

"त्याच गळ्यासाठी बोलावं लागंल," आबा म्हणाले.

समारंभाला सगळे बडे लोक आले. हार झाले, नारळ झाले. मुलींनी ताटांतून पाणी फिरवलं, अर्धा अर्धा पेला, नेहमीप्रमाणे. पाहुण्यांनी कौतुकानं माना हलवल्या. मग आबांचं नाव पुकारलं. वर्षानुवर्षं पाठ झालेलं भाषण होतं, पण ते त्यांना नको होतं. माईकपुढे त्यांनी खिशातून दोन पट्ट्या काढल्या.

"ही माझी. ही बी माझ्याच पाठीवरची, पण माझी न्हाई," ते म्हणाले. "माझ्या घरात एक मानूस तहानलेलं ऱ्हायलं आन् निळा दिवा माझ्या दारावर ऱ्हायला. गावाच्या टाकीत मी परत दिलेलं पाणी माझं नव्हतं. ते मी त्या मानसाच्या अंगातनं काढून आनलं हुतं. माझा हिशोब चुकला. म्हनून तुमी ही योजना लावू नका."

बायकांनी माना खाली घातल्या. आबांना वाटलं होतं, खरं बोलल्यावर छाती हलकी होईल. तसं काही झालं नाही. पहिल्या रांगेत वैजयंताबाई पदर तोंडाला लावून बसल्या होत्या आणि त्यांच्याकडे पाहताना आबांना कालच्याहून जास्त लाज वाटत होती. आता ती साऱ्या गावापुढची लाज होती.

बडे लोक चहा न घेता गेले. सरपंच मांडवातच कडाडला, "आबा, गावाची माती केलीसा! शेवटी दिव्याखालीच अंधार निघाला म्हनायचा." बबनच्या बायकोनं वैजयंताबाईंशी बोलणं सोडलं. पाहुण्यांच्या बसगाड्या बंद झाल्या. एका अर्थी ते बरंच झालं.

योजना आली, पण वेगळ्या रूपात. ऋतुजानं सरकारदरबारी भांडून एक कलम घालून घेतलं: आधी पट्टी, मग वाटप. घरातल्या प्रत्येकाचं, आणि वाढणाऱ्या बाईचं सर्वांत आधी, अंगातलं पाणी बघायचं. ते पुरं झालं की मगच घराचा वाटा ठरवायचा. ठोके जुळले तर तपासणी पुन्हा. पुढे कितीतरी गावांत तपकिरी पट्ट्या निघाल्या. त्यात आबांचं नाव कुठेच नव्हतं, आणि त्यांनाही ते नको होतं.

घरात मात्र नियम राहिला नाही. आबा दिवसभर भरला पेला घेऊन बायकोच्या मागे फिरायचे. ती शेणानं सारवत असेल तिथे पेला, भाकरी थापत असेल तिथे पेला. "आत्ता तर प्याले की," असं वैजयंताबाई म्हणायच्या, दोन घोट घ्यायच्या आणि उरलेलं सवयीनं माठात परत ओतायला जायच्या. आबा माठावर हात ठेवून उभे राहायचे. जन्मात कधी पाण्याचा थेंब वाया न घालवलेला माणूस म्हणायचा, "ओतून दे अंगनात, पर माठात नको." बाई पेला हातात धरून गोंधळायच्या. ओतणंही जमायचं नाही, पिणंही नाही. डॉक्टरांनी बजावलं होतं, तहानेची वाट पाहू नका, घड्याळ लावून पाजा. पण आबांना वाट पाहायची होती. एकदा तरी तिनं मागावं, एवढीच त्यांची इच्छा उरली होती.

एके दिवशी टळटळीत दुपारी निळा दिवा काढायला विजेची कामं करणारा तारतंत्री आला. दिव्यांची पद्धत आता बंद झाली होती. तो शिडीवर चढून दारावरचे खिळे उपसत होता. आबा परसात होते. अंगणातून वैजयंताबाईंची हाक आली, "आवो, जरा पाणी देता का?"

आबांच्या हातातलं खुरपं पडलं. ते धावत आत गेले. माठात तांब्या बुडवला, पेला काठोकाठ भरला. घाईत वाटेत पाणी सांडलं, जमिनीवर ओली रेघ उमटली, आणि त्यांनी मागे वळून पाहिलंसुद्धा नाही. दारात येऊन त्यांनी पेला बायकोपुढे धरला. त्यांचे डोळे भरून आले होते.

"मला न्हाई ओ," वैजयंताबाई म्हणाल्या आणि शिडीकडे बोट केलं. "त्यान्ला. उनात कवाचे उभे हाईत बिचारे."

आबांचा चेहरा पडला. तारतंत्री खाली उतरला होता, कपाळ पुसत होता, आणि त्याचे डोळे पेल्यावर होते. पाहुण्याला आधी, हे या घरात कुणाला शिकवावं लागत नव्हतं. आबांनीच तर ते शिकवलं होतं. त्यांनी पेला मागे घेतला.

"त्याला देतो. आदी तू."

"आवो, काय हे! मानूस दारात हुबा हाय. काय म्हनंल?"

"म्हनू दे." आबांचा आवाज फाटला. परक्या माणसापुढे रडताना त्यांना लाज वाटली, पण पेला त्यांनी खाली केला नाही. "त्याला तहान लागलीया, वैजे. त्याची काळजी न्हाई. तू पी."

तारतंत्र्यानं दोघांकडे पाहिलं, काय समजायचं ते समजला आणि तोंड फिरवून शिडीची दोरी आवळू लागला. वैजयंताबाईंनी कावऱ्याबावऱ्या नजरेनं रस्त्याकडे पाहिलं, पदर डोक्यावर ओढला आणि भिंतीकडे तोंड करून, चोरी केल्यासारखं, पाणी प्यायला लागल्या. निम्म्यावर थांबल्या. आबांनी पेल्याच्या बुडाला बोट लावून ठेवलं होतं. त्या पुन्हा प्यायल्या.